पाऊण गुंठ्यातलं स्मारक आणि एक गोल शिक्का

सोलापुरातनं पोराकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईबापांचं सगळं ठरलेलं असतं. बॅगेत शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या, सुनेला इरकल, नातवंडांना चादर. तिकडं गेल्यावर नायगारा, न्यूयॉर्कचा पुतळा, वॉशिंग्टनचा पांढरा घुमट. परत आलं की सिद्धेश्वर तळ्याच्या काठी सकाळच्या फेरीत तेच फोटो एकमेकांना दाखवायचे. मीही हे सगळं केलं. पण त्या सहा महिन्यांतलं जपून ठेवलेलं काय, असं कुणी विचारलं तर मी कपाटातनं एक निळी वही काढतो आणि तिच्यातला एक गोल शिक्का दाखवतो. परवा फेरीतल्या एकांचं व्हिसाचं काम झालं. ते म्हणाले, "ते शिक्क्याचं प्रकरण जरा लिहून द्या की. तोंडी ऐकलेलं राहत नाही डोक्यात." म्हणून हे.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे पुढं मी एका शिक्क्यावर इतकं का लिहितोय ते कळेल. ३४ वर्षं टपाल खात्यात काढली. सुरुवातीची बरीच वर्षं हातात लोखंडी तारखेचा शिक्का. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आत तारखेचे खिळे बदलायचे, एका वहीत नमुन्याचा ठसा उमटवायचा, पोस्टमास्तरांनी तो तपासून सही करायची, मग पहिलं पत्र. ठसा पुसट आला, तारीख चुकली की बोलणी. लोकांना वाटतं शिक्का मारणं म्हणजे धपाधप हात आपटणं. तसं नसतं ते.

तर अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान सेवा म्हणून सरकारी खातं आहे, १९१६ साली स्थापन झालेलं. नाव उद्यानांचं असलं तरी त्यांच्याकडे जंगलं, डोंगर, रणभूमी, जुनी घरं, स्मारकं अशी ४०० हून जास्त ठिकाणं आहेत. १९८६ पासून त्यांनी एक गंमत सुरू केली. पासपोर्टसारखी दिसणारी एक छोटी वही विकत मिळते. देशाचे विभाग पाडून तिच्यात पानं केलेली असतात. ज्या ठिकाणी जाल तिथं माहिती केंद्रात टेबलावर एक शिक्का ठेवलेला असतो. गोल, वरच्या कमानीत त्या जागेचं नाव, खालच्या कमानीत गाव आणि राज्य, मध्ये तारीख. तो आपल्या वहीत उमटवायचा. शिक्क्याचे पैसे नाहीत. आणि बहुतेक ठिकाणी तो आपला आपणच मारायचा असतो. हे सुनेनं सांगितलं तेव्हा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माझ्या उजव्या हाताला कामाची आठवण झाली.

ही वही मोठ्या ठिकाणांच्या दुकानात मिळते, घरबसल्याही मागवता येते. घ्यायलाच पाहिजे असं नाही. साधी कोरी वही चालते, फक्त कागद गुळगुळीत चकचकीत नको. त्याच्यावर शाई बसत नाही, बोट लागलं की फराटा. आपल्याकडची दोनशे पानी वही नेली तर तिचा कागद पातळ, शिक्का मागच्या पानावर उतरतो. चित्रकलेच्या वहीचा कागद उत्तम.

आता एक महत्त्वाची सूचना, आणि ती हसण्यावारी नेऊ नका. खऱ्या पासपोर्टवर हा शिक्का मारायचा नाही. आमच्या हिनं काय केलं, "पासपोर्टवर शिक्का मारतात" एवढंच ऐकलेलं. टेबलापाशी गेल्यावर मी चष्मा पुसतोय तोवर तिनं पर्समधनं भारत सरकारचा पासपोर्ट काढून बरोबर व्हिसाच्या समोरचं पान उघडून ठेवलं होतं. तोही निळा, वहीही निळी. नातू ओरडला, "आज्जी, नको!" तिथला रेंजर, म्हणजे उद्यान सेवेचा कर्मचारी, दचकला. पासपोर्ट हा सरकारी कागद आहे, त्याच्यावर हौसेचा शिक्का उमटला तर विमानतळावर तो चालवून घेतीलच असं नाही. मुंबईच्या विमानतळावर रात्री दोन वाजता हे प्रकरण समजावून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. खरा पासपोर्ट पर्समध्येच राहू द्या, शिक्क्याच्या टेबलावर काढू नका.

कुठलं ठिकाण निवडायचं? मोठ्या ठिकाणी तुम्हाला कोण ना कोण नेणारच. मी सांगतो ते सगळ्यांत लहान. फिलाडेल्फिया शहरात थर्ड स्ट्रीट आणि पाइन स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर एक विटांचं घर आहे. थॅडियस कोश्चुश्को राष्ट्रीय स्मारक. उद्यान सेवेच्या सगळ्या ठिकाणांत आकारानं हे सर्वांत छोटं, ०.०२ एकर. आपल्या हिशेबानं एकराचे ४० गुंठे, म्हणजे हे ०.८ गुंठा झालं. पाऊण गुंठ्याच्या किंचित वर. जुळे सोलापुरातला एखादा बरा प्लॉट याच्याहून मोठा निघेल. आणि त्याच खात्याचं सर्वांत मोठं ठिकाण अलास्कात आहे, रँगल सेंट इलायस, १ कोटी ३२ लाख एकर. आपला अख्खा सोलापूर जिल्हा साडेतीन वेळा मावेल. दोन्हीकडचा शिक्का मात्र एकाच मापाचा. मला हेच आवडलं. टपालातही असंच, मुख्य टपाल कचेरीचा शिक्का काय आणि खेड्यातल्या शाखेचा काय, गोल तो गोल.

या माणसाचं नाव अमेरिकन लोक "कॉसिअस्को" असं काहीतरी म्हणतात. पोलिश उच्चार कोश्चुश्कोच्या जवळचा. तिथं जाण्याआधी त्याच्याबद्दल थोडं वाचून जा, नाहीतर दोन खोल्या बघून "एवढंच?" म्हणून बाहेर पडाल. आमच्या पोराचं पहिल्यांदा तसंच झालं होतं.

हा माणूस मूळ पोलंडचा, शिकून इंजिनिअर झालेला. १७७६ साली, अमेरिकेची इंग्रजांशी लढाई सुरू असताना, तो तिकडं आला आणि किल्लेबंदीच्या कामाला लागला. १७७७ ला सॅराटोगाला मोर्चेबंदी त्याची, नंतर हडसन नदीवर वेस्ट पॉइंटची तटबंदी त्याची. लढाई संपली, परत मायदेशी. १७९४ मध्ये पोलंडात रशियाविरुद्ध उठाव झाला त्याचा हा पुढारी. त्याच्या फौजेत शेतकरी होते, हातात गवत कापायचे मोठे कोयते सरळ करून बसवलेले. त्याच वर्षी तो लढाईत जबर जखमी होऊन पकडला गेला, रशियात कैदेत पडला. १७९६ मध्ये नव्या झारनं सोडलं. तेव्हा धड चालता येत नव्हतं. तशा अवस्थेत तो पुन्हा अमेरिकेत आला आणि नोव्हेंबर १७९७ पासून मे १७९८ पर्यंत या घरात भाड्यानं राहिला. घर भाडेकरू ठेवणाऱ्या एका बाईंचं होतं. त्याला स्वस्तातली लहानशी जागा हवी होती.

म्हणजे हे त्याचं जन्मघर नाही, राजवाडा नाही, पराक्रमाची जागा नाही. भाड्याची खोली आहे, सहा महिन्यांची. वरच्या मजल्यावर ती त्या काळासारखी लावून ठेवलेली आहे. पडल्या पडल्या तो भेटायला येणाऱ्यांशी बोलायचा. तेव्हा अमेरिकेचा उपाध्यक्ष असलेला थॉमस जेफरसन यायचा. मायामी जमातीचा प्रमुख लिटल टर्टल येऊन गेला, त्याला यानं पिस्तुलांची जोडी भेट दिली. आणि निघण्याआधी यानं मृत्युपत्र केलं, की अमेरिकेत माझे जे पैसे आहेत त्यातनं गुलामांना विकत घेऊन मुक्त करा, त्यांना शिकवा. ते काम जेफरसनवर सोपवलं. जेफरसननं पुढं ते अंगावर घेतलं नाही. १८१७ साली हा स्वित्झर्लंडमध्ये वारला, मृत्युपत्रावर कज्जे सुरू झाले, आणि १८५२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल नातेवाइकांच्या बाजूनं दिला. एकाही गुलामाची त्या पैशातनं सुटका झाली नाही. आपल्याकडे वाटणीच्या दाव्यांना तारखांवर तारखा पडतात म्हणून आपण कपाळ बडवतो, हे प्रकरण ३५ वर्षं चाललं.

आणखी एक, जे मला सर्वांत भावलं. १७९८ च्या मे महिन्यात तो गुपचूप युरोपला निघाला तो टोपणनावानं. टॉमस कॅनबर्ग या नावाचा पासपोर्ट जेफरसननं मिळवून दिला होता. ज्या घरात लोक हौसेच्या पासपोर्टवर शिक्का मारायला येतात, त्या घरातनं हा खोट्या नावाचा पासपोर्ट घेऊन बाहेर पडला.

आता जायचं कसं ते.

पहिली गोष्ट, ते उघडं आहे का बघा. हे ठिकाण वर्षभर रोज उघडं नसतं. उन्हाळ्याच्या हंगामात, तेही शनिवार-रविवार दुपारचे काही तास, असा त्याचा रिवाज. वेळा हंगामागणिक बदलतात, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर नजर टाका. मी हे शहाणपण स्वतःच्या पायांनी शिकलो. पोराला मंगळवारी सुटी होती, म्हणून मंगळवारी गेलो. दार बंद. हिनं दाराला हात लावून नमस्कार केला, देवळाचं दार बंद असलं की करतात तसा, आणि आम्ही परत. नंतर मेच्या शेवटच्या शनिवारी पुन्हा गेलो. सोलापुरात त्या दिवशी अंगाची लाही होत असणार. तिथं मात्र हिनं अंगावर शाल घेतली होती.

मुलं न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला राहत असतील, आपली बरीचशी तिकडंच असतात, तर गाडी काढायला लावू नका. त्या भागातले रस्ते अरुंद, गाडी लावायला जागा नाही, मुलं चिडतात. रेल्वेनं जा. एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी धरून ट्रेंटन, तिथं उतरून त्याच स्टेशनातनं सेप्टाची गाडी धरून फिलाडेल्फियाचं जेफरसन स्टेशन. तिकीट दोन वेगळ्या संस्थांचं आहे हे लक्षात ठेवा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री झोपून सकाळी मुंबईत उतरायची सवय असलेल्याला हा प्रवास म्हणजे काहीच नाही. ज्येष्ठांना तिकिटात सवलत असते, विचारून घ्या. विचारायची लाज वाटू देऊ नका.

जेफरसन स्टेशनातनं बाहेर पडलात की मार्केट स्ट्रीट. तिथनं स्मारक चालत पंचवीस-तीस मिनिटं. शहराची आखणी बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. उभे रस्ते आकड्यांचे; तुम्ही अकराव्यापाशी निघता, तिसऱ्यापर्यंत उतरत्या क्रमानं जायचं. आडव्या रस्त्यांना झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, लोकस्ट, स्प्रूस, पाइन. विल्यम पेन नावाच्या माणसानं शहर वसवताना ठेवलेली. आपल्याकडे मंगळवार पेठ, बुधवार पेठ तशी इथं अक्रोड पेठ, देवदार पेठ समजा. हिनं तीच नावं धरली आणि अक्रोड गेलं, आता अजून तीन, असं मोजत आम्ही न चुकता पोचलो. पोराचा मोबाइल मात्र दोनदा भलतीकडं वळा म्हणाला.

शेवटच्या भागात फूटपाथ विटांचा आहे, झाडांच्या मुळांनी जागोजागी उचललेला. साडीवाल्यांनी आणि गुडघेवाल्यांनी खाली बघून चालावं. कोपऱ्यावर सेंट पीटर्स चर्च दिसलं की आलात. १७६१ चं ते. त्याच्या समोरच आपलं घर, बाहेर निळा माहितीफलक. पहिल्या नजरेत कुणाचं तरी राहतं घर वाटतं आणि बेल वाजवायला हात जातो.

तिकीट नाही, रांग नाही. याच शहरात इंडिपेंडन्स हॉल आणि लिबर्टी बेल आहे, तिथं शनिवारी गर्दी असते. इंडिपेंडन्स हॉलला तर वर्षातला बराच काळ वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. तिथनं चालत जायच्या अंतरावरच्या या घरात आम्ही गेलो तेव्हा आम्ही चौघं, रेंजर आणि एक पोलिश आजीबाई. त्यांनी आत आल्या आल्या भिंतीवरच्या चित्रासमोर छातीवर क्रूसाची खूण केली. माहिती इंग्रजीबरोबर पोलिशमध्येही लिहिलेली आहे. त्या पोलिश वाचत होत्या, नातू इंग्रजी वाचून मला मराठीत सांगत होता, त्याचं मराठी आणि माझं इंग्रजी साधारण एकाच तोलाचं.

आता माझा आग्रह. दारात शिरल्या शिरल्या "शिक्का कुठंय" विचारू नका. तसं करणारे पुष्कळ असतात. मोठ्या ठिकाणी मी पाहिलं, गाडी चालू ठेवून एक जण आत धावतो, चार वह्यांवर धडाधड शिक्के मारतो, निघाला. टपालाच्या भाषेत याला पत्र न वाचता पाकीट जमवणं म्हणतात. म्हणजे असं म्हणत कुणी नाही, मीच म्हणतो. आधी खाली जे मांडलंय ते बघा, मग जिना चढा. जिना जुन्या घराचा आहे, गुडघे दुखत असतील त्यांनी खालीच थांबलं तरी रेंजर सगळं सांगतात. वर त्या खोलीसमोर निदान दहा मिनिटं उभे राहा. खिडकीतनं रस्ता दिसतो. चालता न येणारा माणूस हिवाळाभर या खोलीत होता, एवढं डोक्यात ठेवून बघितलं की मग खोली मोठी होते.

रेंजरशी बोला. कुठनं आलात विचारतातच. मी सोलापूर म्हटलं, ते त्यांना कळलं नाही, मुंबईच्या आत रेल्वेनं एक रात्र म्हटल्यावर कळलं. मग मी म्हटलं, आमच्या गावचाही एक असाच माणूस आहे. डॉक्टर कोटणीस. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, १९१०. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ मध्ये काँग्रेसनं ५ डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हे होते. बाकीचे परतले, हे राहिले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथंच लग्न केलं, तिथंच ९ डिसेंबर १९४२ ला गेले. वय ३२. माझ्या इंग्रजीत हे सांगायला बराच वेळ लागला. रेंजरनं टोपी काढून टेबलावर ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं, आणि कोटणीसांचं स्पेलिंग एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. परक्या देशासाठी लढायला गेलेला माणूस म्हटल्यावर दुसरं कोण आठवणार सोलापूरकराला? तुम्हीही जाल तेव्हा हे सांगा. दोन-चार सोलापूरकरांनी सांगितलं तर लक्षात राहील त्यांच्या.

आता शिक्का. इथं जरा सावकाश वाचा.

तिथला शिक्का रबरी, स्वतःची शाई पोटात असलेला. आपल्या लोखंडी शिक्क्याची सवय असलेल्याची पहिली चूक इथंच होते. लोखंडी शिक्का वरनं ठोकायचा असतो आणि खाली रबराची गादी ठेवायची असते, म्हणजे लोखंड कडक, गादी मऊ, दोघांच्या मध्ये कागद. रबरी शिक्क्याला उलटं. शिक्का मऊ, म्हणून खालची जागा कडक आणि सपाट पाहिजे. वही उघडून तशीच ठेवली तर डावीकडं पानं कमी, उजवीकडं जास्त, मध्ये खळगा. अर्धा शिक्का उमटतो, अर्धा हवेत. वहीच्या पातळ बाजूखाली एखादं माहितीपत्रक घडी करून घाला, पान सपाट करा. कडेपासून दोन बोटं आत जागा धरा.

आधी तारीख बघा. टेबलावरचा शिक्का उचलायचा, उलटा करायचा, वाचायचा. अक्षरं उलटी दिसतात, सवय नसेल तर सोबतच्या खरड कागदावर एक ठसा काढा आणि तो वाचा. अमेरिकेत आधी महिना, मग तारीख, मग साल, त्यामुळं गोंधळू नका. दुसऱ्या एका ठिकाणी, नाव कशाला घ्या, तारीख आठ दिवस मागं होती आणि सकाळपासनं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी सांगितल्यावर तिथल्या मुलीनं हसून शिक्का माझ्याच हातात दिला, तुम्हीच फिरवा म्हणाली. चाक फिरवलं. निवृत्तीनंतर दुसऱ्या देशात तारीख बदलायचं भाग्य किती जणांना मिळतं? पण स्वतःहून न विचारता चाकाला हात लावू नका. आणि कालची किंवा तुमच्या वाढदिवसाची तारीख लावून द्या असं तर अजिबात म्हणू नका. तारखेचा शिक्का म्हणजे साक्ष असते. मागची तारीख घालून द्या म्हणणारे मला काउंटरवर ३४ वर्षं भेटले, मी एकालाही दिली नाही.

खरड कागदावरचा ठसा नीट आला की मग वही. शिक्का सरळ, कागदाला काटकोनात धरायचा. टेकवायचा, सारख्या जोरानं दाबायचा, मनात एक-दोन म्हणायचं, सरळ वर उचलायचा. हलवायचं नाही, गोल फिरवून "चांगला बसावा" म्हणून घोळवायचं नाही. घोळवलं की दुहेरी ठसा. हे मी सांगतोय आणि माझ्याच वहीतला पहिला शिक्का दुहेरी आहे. हात आपोआप वर गेला आणि लोखंडी शिक्क्यासारखा धाडकन खाली आला. टेबलावरचा पेनांचा डबा उडाला. रेंजर म्हणाले, "सर, जरा हळू." ३४ वर्षांच्या नोकरीला हे शोभलं का? दुसरा शिक्का शेजारी मारला, तो मात्र बघावा असा आलाय. सगळा गोल पुरा, कमानीतलं अक्षर न् अक्षर सुटं, तारखेच्या आकड्यांच्या पोटात शाई भरलेली नाही. पहिला मी खोडला नाही. नमुन्याचा ठसा म्हणून राहू दिला.

शिक्का मारला की वही लगेच मिटू नका. दोन मिनिटं उघडी. घाईच असेल तर वर टिश्यूचा कागद ठेवा, पण घासू नका. बाजूला बारीक अक्षरात सोबत कोण होतं, हवा कशी होती, ते पेनानं लिहा. पाच वर्षांनी शिक्क्यापेक्षा तेच वाचाल. माझ्या वहीत लिहिलंय: "ही, नातू, सून. शाल. पोलिश आजीबाईंनी हिला लिमलेटची गोळी दिली."

वही विसरलात तर? कोऱ्या जाड कागदावर ठसा घ्या, घरी येऊन चिकटवा. कागद नीट धरून आणा, खिशात घडी घालू नका.

शनिवार निवडायचं आणखी एक कारण आहे, ते टपालवाल्याचं आहे, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल. स्मारकापासनं उत्तरेला मार्केट स्ट्रीटवर, ३१६ क्रमांकाला, बी. फ्री फ्रँकलिन टपाल कचेरी आहे. बेंजामिन फ्रँकलिन १७७५ साली तिकडचा पहिला पोस्टमास्तर जनरल झाला, त्याच्या नावाची. तिथं पत्रावर हातानं शिक्का मारतात आणि त्यावर "बी. फ्री फ्रँकलिन" असं त्याच्याच सहीच्या धर्तीवर लिहिलेलं असतं. तो पत्रावर तिकिटाऐवजी अशी सही करायचा. इथला शिक्का मात्र आपल्याला मारू देत नाहीत. मी विचारून पाहिलं. एक चित्राचं कार्ड घ्या, त्यावर परदेशी टपालाचं एक गोल "ग्लोबल" तिकीट चिकटवा, ते एकच जगात कुठंही कार्ड पोचवायला पुरतं, आणि आपल्याच सोलापूरच्या पत्त्यावर टाका. रविवारी टपाल बंद, म्हणून शनिवार. तिथल्याही वेळा आधी बघून घ्या. स्मारक दुपारचं, तर टपाल कचेरी त्याच्या आधी उरका. मधल्या वेळात बाकावर बसून भाकरी खाता येते. आम्ही खाल्ली. शेंगाचटणीचा वास एका कुत्र्याला आला आणि त्याची मालकीण माफी मागत राहिली.

त्याच दिवशी इंडिपेंडन्स हॉल, एडगर ॲलन पोचं घर असे आणखी दोन-तीन शिक्के शहरात मिळू शकतात. मला विचाराल तर एका दिवशी एवढं नको. पाय बोलायला लागतात आणि कुठल्या घरात काय होतं ते रात्री सांगता येत नाही. तरुण मंडळींना सांगून उपयोग नाही, ते करतातच.

परत आल्यावर नातवाचा फोन आला, "आबा, सोलापूरचा शिक्का कुठं मिळतो?" आपल्या स्मारकांत असा शिक्का टेबलावर ठेवलेला नसतो. पण तो डिसेंबरात येणार होता, म्हणून मी एक वही केली. चित्रकलेच्या वहीचे कागद, वर चादरीच्या कापडाचं पुठ्ठ्याला आवरण. पद्धत अशी. एका दिवशी एकच ठिकाण बघायचं. पहिलं भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक. दुसरं चार हुतात्मा चौक: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला त्या प्रकरणात चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. नातवाला चारही नावं न बघता म्हणता आली पाहिजेत, तरच पुढचं. तिसरं भुईकोट किल्ला. ठिकाण बघून झालं की त्याच दिवशी एक पोस्टकार्ड घ्यायचं, त्यावर तिथं काय बघितलं ते चार ओळींत लिहायचं, आणि स्वतःच्याच नावानं टपाल कचेरीत काउंटरवर नेऊन द्यायचं. पेटीत टाकण्यापेक्षा हातात द्यावं आणि "शिक्का जरा ठळक मारा हो, पोराच्या वहीत लावायचाय" म्हणावं. काम कमी असेल ती वेळ धरा, सकाळी उघडल्या उघडल्या किंवा जेवणाच्या सुटीनंतर. कार्ड घरी आलं की वहीत चिकटवायचं. शिक्का, तारीख आणि पोराचं अक्षर, तिन्ही एका जागी.

कोटणीसांच्या पानावर मी माझ्या आल्बममधलं तिकीट लावून दिलं. भारतीय टपालानं १९९३ मध्ये त्यांच्यावर काढलेलं. चीननं त्याआधीच, १९८२ मध्ये काढलं होतं, ते माझ्याकडं नाही. कुणाकडं जास्तीचं असेल तर सकाळच्या फेरीत भेटा.

फिलाडेल्फियाहून मी स्वतःला टाकलेलं कार्ड आमच्या आधी घरी पोचलं होतं. शेजारच्या वहिनींनी ते शोकेसमध्ये, गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेल्या बैलजोडीला टेकवून उभं करून ठेवलं होतं. बॅगा दारातच ठेवून मी आधी चष्मा शोधला. तारीख शनिवारचीच होती, ठसा पुरा होता, आणि पिनकोडमधला शेवटचा आकडा मी चुकवला होता.